मे महिन्यात झोप लागेल असं घर: इंदूरमध्ये घर बांधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी इंदूरमध्ये आर्किटेक्ट म्हणून काम करते. लोकमान्य नगर, राजेंद्रनगर, सुदामा नगरातली जुनी घरं पाडून नवी बांधणारी मराठी कुटुंबं आणि बायपासच्या पलीकडे नव्या कॉलनीत प्लॉट घेतलेली तरुण जोडपी माझ्याकडे येतात. त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. टेबलापलीकडून मी जी उत्तरं देते, तीच इथे लिहिली आहेत.

पर्यावरणपूरक घर म्हणजे नेमकं काय? छतावर सोलर लावलं की झालं ना?

नाही झालं. तापलेल्या घरावर सोलर लावलं तर ती वीज एसी पिऊन टाकतो. माझी कसोटी साधी आहे. मे महिन्यात रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावर नुसत्या पंख्याखाली झोप लागते का? भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा न लावता तांदूळ निवडता येतात का? ऑगस्टमध्ये कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो का? ही तीन उत्तरं बरोबर आली की विजेचं बिल आणि घरातल्या माणसांची तब्येत या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी सांभाळल्या जातात.

आपल्याला इथे एक वरदान आहे, आणि नव्या घरांत आपण तेच वाया घालवतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, उगाच नावाजलेली नाही. मे महिन्यात दुपारी पारा चाळीशीला गेला तरी पहाटेपर्यंत पंचविशीच्या आसपास उतरतो. एप्रिलमध्ये तर त्याहूनही खाली जातो. मुंबईच्या घराला ही सोय नाही, तिथे रात्रही दमट असते. इंदूरच्या घराने दिवसा ऊन अडवायचं आणि रात्री थंड हवा आत घेऊन भिंती गार करायच्या. माझे सगळे नकाशे या एका गोष्टीभोवती फिरतात.

ठेकेदार नकाशा फुकट काढून देतो. मग आर्किटेक्टला पैसे का द्यायचे?

ठेकेदाराचा नकाशा नगर निगमातून पास होतो, घर उभंही राहतं. पण पश्चिमेची खिडकी किती मोठी हवी, जिन्यावरून गरम हवा बाहेर कशी जाईल, पलंग कुठे येणार आणि त्याच्या डोक्याशी वारा पोहोचणार का, याचा विचार त्यात नसतो. हे निर्णय कागदावर असताना फुकट बदलता येतात. स्लॅब पडल्यावर त्यांचीच किंमत लाखांत जाते.

कुणाकडेही गेलात तरी एक पाहा. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात कुणाचा अपमान नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा लागतो. सळई किती आणि कॉलम कुठे हे त्यानेच ठरवायचं, मिस्त्रीच्या अनुभवावर सोडायचं नाही.

आमचा प्लॉट २० बाय ५० आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. यात हवा-उजेड कुठून आणणार?

माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या सगळ्यात आवडीचाही. फक्त पुढून आणि मागून खिडक्या असलेलं पन्नास फुटी घर म्हणजे बोगदा. मधल्या खोल्यांत दिवसभर ट्यूब लावावी लागते आणि हवा कोंडलेली राहते.

उत्तर आपल्या वाड्यांनी कधीच देऊन ठेवलंय: चौक. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत चौक मोठे असायचे, तेवढी जागा आज कुणाकडे नाही. पण सहा बाय आठ फुटांचा चौकही पुष्कळ काम करतो. तो घराच्या मध्यावर, जिन्याला लागून ठेवायचा. वर जाळी, पावसाळ्यासाठी सरकतं छप्पर. गरम हवा वर चढते, चौकातून बाहेर पडते, आणि तिची जागा घ्यायला पुढच्या-मागच्या खिडक्यांतून हवा आत येते. जिन्याच्या वरच्या टोकाला झरोके ठेवले तर तोच जिना धुराड्यासारखं काम करतो. हे झरोके काच बसवून कायमचे बंद करू नका. पाखरं येतात म्हणून जाळी लावा, पण हवेची वाट उघडी ठेवा.

बरेच जण म्हणतात, "ताई, चौकात अठ्ठेचाळीस फूट वाया गेले." मी त्यांना नकाशावर मधल्या खोलीत बोट ठेवून विचारते, इथे कोण झोपणार? बहुतेक वेळा उत्तर येतं, आई-बाबा. मग चौक राहतो.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश इतकी उघडणारी खिडकी हवी. उघडणारी, हे महत्त्वाचं. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, म्हणून मी जमेल तिथे कब्ज्याच्या, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या सुचवते.

प्लॉट पश्चिममुखी आहे. चुकलं का आमचं?

चुकलं नाही, फक्त मेहनत जास्त लागेल.

इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला आहे. २१ जूनला दुपारी बाराला सूर्य जवळजवळ बरोब्बर डोक्यावर असतो, किंचित उत्तरेकडे झुकलेला. डिसेंबरच्या शेवटी तो दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४४ अंशांवरच असतो. म्हणून दक्षिणेची खिडकी सांभाळायला सोपी. चार फूट उंचीच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा घातला की मार्चच्या विषुवदिनी दुपारी ती पूर्ण सावलीत येते, आणि डिसेंबरमध्ये खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं. आजीच्या पायांवर थंडीतलं ऊन पडावं ही सोय नुसत्या छज्ज्याच्या मापाने होते.

पश्चिमेला छज्जा उपयोगाचा नाही. चार-पाच वाजता सूर्य खाली उतरलेला असतो आणि ऊन समोरून आत घुसतं. तिथे उभी आडोशाची गोष्ट लागते: जाळीची भिंत, बाहेरून लाकडी झडपा, बांबूच्या चिका (पडदे), समोर एखादं झाड. पश्चिमेला जिना, बाथरूम, कपाटांची भिंत आणा. झोपायची खोली तिथे टाळता आली तर उत्तम.

पण पश्चिमेला नुसती बंद भिंतही करू नका, कारण इथे उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो. सूर्य आणि वारा एकाच दिशेने येतात, हा इंदूरचा खरा पेच आहे. म्हणून पश्चिमेला खिडकी असू द्यावी, दिवसा बाहेरून झाकलेली आणि सूर्य मावळला की सताड उघडणारी.

सुरुवातीच्या एका कामात जिन्यालगत पश्चिमेला दोन मजली काच मी लावू दिली. रस्त्यावरून छान दिसायचं. त्या कुटुंबाने पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यावर जाड पडदा टांगला, तो आजही तसाच आहे. तेव्हा ठामपणे नाही म्हणायला हवं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

वरचा मजला भट्टीसारखा तापतो. छताचं काय करायचं?

पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर तो छतावर घाला. भिंतीवर दिवसाचा काही भागच ऊन असतं, छतावर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. पाच इंची काँक्रीटमधून उष्णता खाली यायला काही तास लागतात. दुपारचं ऊन तुम्हाला संध्याकाळी आणि रात्री भेटतं, नेमकं तुम्ही झोपायला जाता तेव्हा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना. त्याहून टिकणारा उपाय म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक, जो वॉटरप्रूफिंगचा थरही सांभाळतो. बांधतानाच करणार असाल तर स्लॅबच्या वर इन्सुलेशनची, म्हणजे उष्णता अडवणारी शीट, तिच्यावर उताराचं काँक्रीट आणि वर पांढऱ्या टाइल्स. इन्सुलेशन स्लॅबच्या वर घालावं. खाली फॉल्स सीलिंग केलं तर स्लॅब तापतच राहतो, तुम्ही फक्त त्याला झाकता.

घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्राने केलेल्या इको निवास संहितेत (२०१८) छतातून उष्णता जाण्याची कमाल मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश आहे. साध्या उघड्या स्लॅबचा आकडा तीनच्या आसपास येतो. ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून मी ती लहान घरालाही लावते.

गच्चीवर सोलर पॅनल किंवा वेलाचा मांडव असेल तर त्याची सावलीही छताच्या उपयोगाला येते.

आमच्याकडे काळी माती आहे. तडे जातातच का?

काळजी घेतली नाही तर जातात. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया ठेवला तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. माझ्या काकांच्या घरात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेले. दरवर्षी लांबी भरून रंग दिला, दरवर्षी ते पुन्हा उघडले. माती तपासलीच नव्हती.

म्हणून आधी मातीची तपासणी. अनेक ठिकाणी काळ्या थराखाली मुरूम लागतो, पाया तिथपर्यंत न्यायचा. तो फार खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने पुढे आणलेली, खालच्या टोकाला फुगवटा असलेली अंडर-रीम्ड पाइल्स आणि जमिनीपासून थोडी मोकळी ठेवलेली प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याची तुळई. काम इंजिनिअर करेल, पण त्याला हे विचारायचं तुम्ही लक्षात ठेवा. घराभोवती फरसबंदीला उतार द्या, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. शोषखड्डा पायाला लागून करू नका. आणि पिंपळ किंवा वड भिंतीजवळ नकोच. पायाजवळचं पाणी मुळं ओढून घेतात, आणि तिथे माती आणखी आकसते.

विटा घ्याव्यात, एएसी ब्लॉक की फ्लाय अ‍ॅशच्या (कोळशाच्या राखेच्या) विटा?

तिन्हींनी चांगलं घर होतं. एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचा ब्लॉक, हलका असतो आणि उष्णता चांगली अडवतो, पण नीट वाळलेला नसताना किंवा नेहमीच्या जाड सिमेंट-रेतीच्या थरात बसवला की तडे जातात. त्याचा पातळ चिकट मसाला वापरा आणि तसं काम केलेला मिस्त्री शोधा. वीट घेणार असाल तर रॅट ट्रॅप बॉन्डचा विचार करा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली ही पद्धत: विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवायची. सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि मधली हवा उष्णता अडवते. मिस्त्रीला दोन दिवस शिकवावं लागतं, तेवढाच अडथळा.

मातीच्या घराबद्दल काय?

कुणाला मनापासून हवं असेल तर आनंदाने करते. पण प्लॉटवरची काळी माती दाबून विटा करायला चालत नाही, तिच्यात चिकणमाती फार. लाल माती किंवा रेतीची भर बाहेरून आणावी लागते. आत चुन्याचा गिलावा मात्र मी बहुतेक घरांत सुचवते. चुन्याची भिंत ओल धरून ठेवत नाही, बुरशीही कमी येते.

वास्तुशास्त्र पाळता का?

कुटुंबाची श्रद्धा असेल तर तिला मान देऊनच नकाशा करते. पुष्कळ ठिकाणी ऊन-वाऱ्याचं गणित आणि वास्तूचा सल्ला जुळतात. ईशान्य मोकळी ठेवली की सकाळचं ऊन घरात येतं, नैऋत्येला जाड भिंत असली की दुपारचा तडाखा अडतो. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे काय गमावतोय हे मी आकड्यांत सांगते, निर्णय घरच्यांचा. मात्र एका दिशेच्या आग्रहापायी बाथरूमला बाहेरची खिडकीच नसणं, हे मी मान्य करत नाही.

निरोगी घर म्हणजे आतल्या वस्तूंचाही विचार करायचा का?

हो, आणि इथे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. नव्या घरात शिरल्यावर डोळे चुरचुरतात, मुलं शिंकतात, आणि सगळे म्हणतात, "नव्या घराचा वास आहे." तो वास रंगातल्या आणि प्लायच्या गोंदातल्या रसायनांचा असतो. प्लाय घेताना ई-१ किंवा ई-० दर्जा मागा, त्यातून फॉर्माल्डिहाइड कमी सुटतं. रंग कमी व्हीओसीचा (हवेत उडणारी रसायनं कमी असलेला), पाण्यावरचा. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे. म्हणून डब्यावरचं लेबल वाचा, मिस्त्री आणेल तो सुटा रंग घेऊ नका. फर्निचर आणि रंग झाल्यावर निदान दोन-तीन आठवडे खिडक्या उघड्या ठेवून घर रिकामं राहू द्या. मुहूर्ताची घाई असते हे कळतं, म्हणून रंगाचं वेळापत्रक मुहूर्तावरून उलटं मोजत या.

स्वयंपाकघराला एकमेकांसमोर दोन उघडणाऱ्या खिडक्या हव्यात. चिमणी घेणार असाल तर पाइप बाहेर काढलेली. कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत खोलीत सोडणारी चिमणी तेल अडवते, पण गॅसच्या ज्योतीतून निघणारे वायू घरातच राहतात. फोडणीचा ठसका पाइपाने बाहेर गेला की स्वयंपाक करणाऱ्या माणसाला खोकला कमी येतो. ते माणूस बहुतेक वेळा घरातली बाईच असते, आणि नकाशावर बोलताना तिला बोलवत नाहीत. मी बोलावते.

बाथरूमची खिडकी बाहेरच्या हवेत उघडणारी असावी. डासांची जाळी सगळीकडे, पण खिडकी थोडी मोठी करा, कारण जाळी वारा अडवते. अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा कुठेही नको, पोर्चवरही नाही.

पाण्याचं काय करावं? आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतो.

आपल्या नळाचं पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, नर्मदेतून उपसून विंध्याचा चढ चढवून आणलेलं असतं. या नर्मदा योजनेचा पहिला टप्पा १९७८ सालचा. प्रत्येक बादलीमागे वीज जळलेली असते.

इंदूरला वर्षाला साधारण ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून वाया जाणारं धरूनही साठ-सत्तर हजार लिटर मिळू शकतं. सगळं साठवणं शक्य नाही. पहिल्या पावसाचं गच्ची धुतलेलं पाणी सोडून द्या, पुढचं गाळून पाच-दहा हजार लिटरच्या टाकीत घ्या आणि उरलेलं बोअरजवळच्या गाळणीच्या खड्ड्यात मुरवा. हा खड्डा पायापासून लांब असावा, काळ्या मातीचं वर सांगितलंच. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी संडासाच्या पाण्यात मिसळू न देता वेगळ्या पाइपने बागेकडे न्या. बांधताना हा पाइप फार महाग पडत नाही, नंतर टाइल्स फोडाव्या लागतात.

सोलर किती किलोवॅटचं घ्यावं?

बिल पाहून ठरवा. एक किलोवॅटला दहा-एक चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि तो सरासरी दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो. पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पाण्याची टाकी आणि जिन्याची टोपी पॅनलच्या दक्षिणेला येणार नाही, हे नकाशातच बघा.

एवढं सगळं एकदम बांधायला पैसे नाहीत.

मग एकदम बांधू नका. याचा जगाला दाखवावा असा धडा इंदूरमध्येच आहे. पुण्यात जन्मलेल्या वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखलेली अरण्य वसाहत. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथे पूर्ण घर दिलं नाही. दिलं प्लॉट, जोतं आणि संडास-नळाचा गाभा, बाकी घर कुटुंबाने आपल्या ऐपतीने वाढवायचं. वाटेवर ओटा, म्हणजे शेजाऱ्यांशी बोलायची जागा. १९९५ साली या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०१८ साली दोशींना प्रिट्झकर, वास्तुकलेतला मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार.

मध्यमवर्गीय घरालाही हाच मार्ग लागू पडतो. पाया आणि कॉलम दोन मजल्यांचे करा, पण आज एकच मजला नीट बांधा: चांगलं छत, चांगल्या खिडक्या. इटालियन मार्बल, फॉल्स सीलिंग आणि पुढच्या दर्शनी भागावरची एलिव्हेशनची सजावट यांवर जो पैसा जातो त्यातला काही भाग इन्सुलेशन आणि झडपांकडे वळवला, तर एकूण खर्च फारसा वाढत नाही.

आजोबांचं जुनं घर पाडावं की दुरुस्त करावं?

आधी इंजिनिअरला दाखवा. भिंती धडधाकट असतील तर दुरुस्तीच करा, असं मी कळकळीने सांगते. त्या विटा, ते सागवान, ती काळ्या दगडाची जोती भाजायला, कापायला आणि वाहायला लागलेली ऊर्जा आधीच खर्च झालेली आहे. जाड भिंती आणि उंच छत आज कुणी बांधून देत नाही. पाडावंच लागलं तर दारं, खांब आणि दगड विकू नका, नव्या घरात वापरा.

ओल्या कचऱ्यासाठी घरात जागा ठेवावी का?

ठेवावी, मागच्या अंगणात तीन बाय चार फूट पुरे. निगमची गाडी नेतेच, पण झाडांना खत घरचं मिळतं. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारातल्या संस्थेत, शेतकऱ्यांच्या रीती पाहून कंपोस्टची पद्धत बसवली. जगभरातले बागायतदार तिला इंदूर पद्धत म्हणतात. पालापाचोळा, ओला कचरा, शेण, थोडी माती यांचे थर, ओलावा आणि वेळोवेळी उलथापालथ. खड्ड्यावर सावली हवी, म्हणून तो घराच्या उत्तर बाजूला, भिंतीच्या सावलीत ठेवा.

पहिल्या भेटीला काय आणू?

रजिस्ट्रीची प्रत, प्लॉटचा मोजणी नकाशा, गेल्या वर्षाची विजेची बिलं. घरातल्या प्रत्येकाला काय हवंय त्याची यादी, मुलांचीही. जमलं तर प्लॉटवर सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता काढलेले फोटो, म्हणजे शेजारच्या घरांची सावली कळते. आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन या.

घर बांधून झाल्यावर तुम्ही परत येता का?

येते, पहिल्या मे महिन्यात आणि पहिल्या ऑगस्टमध्ये. मे महिन्यात प्रत्येक खोलीत आठवडाभर एकेक साधा थर्मामीटर ठेवते. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या-झडपा बंद आणि सूर्य मावळल्यावर सगळं उघडं, ही सवय घराला लावावी लागते, आणि थर्मामीटर समोर असला की ती लवकर लागते. सुदामा नगरातल्या एका आजींनी त्यांचा थर्मामीटर मला परत दिलाच नाही. आता रोज सकाळी चहाआधी तो बघून त्याच ठरवतात, खिडक्या किती वाजता लावायच्या ते.